मागे कोणी नाही

आईनं पाण्याचा मग वर नेला मात्र, ठिपकीनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि कोपर असं काही फिरवलं, की मग उडून नळावर आपटला. पाणी सगळं आईच्या अंगावर, आणि शाम्पूचा फेस ठिपकीच्या डोळ्यांत.

"नको, नको, नको," ठिपकी म्हणत राहिली. ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू, एका सुरात, दाराबाहेर ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणत होती.

आईनं टॉवेलचं टोक ओलं करून तिचे डोळे पुसले. मग केसांतला फेस. टॉवेल ओला करायचा, पिळायचा, पुसायचं, पुन्हा ओला करायचा. बरेच दिवस केस असेच धुतले जात होते, म्हणजे धुतले जातच नव्हते. वर्गातल्या बाईंनी परवा बाजूला घेऊन विचारलं होतं, हिच्या डोक्यात काही झालंय का म्हणून.

"सॉरी आई," ठिपकी म्हणाली. "माझ्यामुळे सांडलं."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीवर नव्हे. ज्यानं सॉरी म्हणायला हवं होतं त्याच्या तोंडून तो शब्द एकदाही निघाला नव्हता, आणि जिनं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं ती सात वर्षांची पोर उठता बसता तो म्हणत होती. तो गृहस्थ या घटकेला दुकानाच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला रंगांच्या छटा दाखवत असेल, विनोद करत असेल, आणि गिऱ्हाईक हसत असेल. त्याच्या विनोदांना सगळे हसायचे. तेच तर झालं होतं.

तो गृहस्थ म्हणजे ठिपकीचा मोठा काका. घरात सगळे त्याला दादा म्हणत. दादाच्या इमारतीच्या आवारात पोहण्याचा तलाव होता, आणि त्या रविवारी त्यानं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. ठिपकी काठावर उकिडवी बसून पाण्याखालच्या निळ्या फरशा हलल्यासारख्या का दिसतात ते बघत होती. दादा मागून चवड्यांवर आला. येताना त्यानं ओठांवर बोट ठेवून खुर्च्यांवरच्या मंडळींना गप्प राहायची खूण केली, आणि मंडळी गप्प राहिली. हसू दाबून, उत्सुकतेनं. मग त्यानं दोन्ही हातांनी ढकललं.

आई तेव्हा कपडे बदलायच्या खोलीतून टॉवेल घेऊन बाहेर येत होती. तिला आधी हशा ऐकू आला. पाण्यात कोण आहे ते नंतर दिसलं. दादानंच लगेच उडी मारून पोरीला वर काढलं आणि सामना जिंकल्यावर चषक धरतात तसं डोक्यावर धरून सगळीकडे फिरवलं. "बघा, मासोळी पकडली!" हशा आणखी वाढला. ठिपकी खोकत होती आणि खोकता खोकता एकेका खुर्चीकडे, एकेका चेहऱ्याकडे बघत होती.

त्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीत, भिंतीला चिकटून, तिचा बाप बसला होता. तो हसत नव्हता हे खरं. पण तो उठलाही नव्हता. खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिला होता. आईनं टॉवेल टाकून धाव घेतली, पोरीला हिसकावून घेतलं, कपड्यांसकट छातीशी धरलं, तरी तो तिथंच. दादाची चूक एकदा मोजून बाजूला ठेवता येईल, पण ती खुर्ची आईच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

घरातल्यांनी उपाय करायचे बाकी ठेवले नाहीत. सासूबाई खास राहायला आल्या. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. लोकांची बोलणी जोडून देण्यात त्यांची नोकरी गेली, आणि मध्ये बोलायचं नाही हा तिथला नियम त्यांनी निवृत्तीनंतरही पाळला. न बोलता त्यांनी ठिपकीच्या बाहुलीचे केस धुतले, मग स्वतःचे ठिपकीकडून धुऊन घेतले. बापानं पाण्यात घालायचा चष्मा आणला, स्वतः घालून बादलीत तोंड बुडवलं आणि आतून चेहरे करून दाखवले. ठिपकी हसली. चष्मा तिनं लावला, दिवसभर लावून फिरली, जेवतानाही काढला नाही. पण डोक्यावर पाणी घ्यायची वेळ आली की नको, नको, नको.

दादाचा फोन आला तेव्हा आई भाजी चिरत होती. फोन कानाला खांद्यानं दाबून धरला.

"काय म्हणते आमची मासोळी?"

"डोक्यावर पाणी घेऊ देत नाही."

"अरेच्चा, अजून? पुन्हा घेऊन ये तिला. भीती जिथं बसते तिथंच मोडायची असते. तुम्ही तिला फार कुरवाळता, म्हणून ती जास्त करते."

"दादा, तुम्ही तिला ढकललंत."

"अगं, आम्हालाही आमच्या वडिलांनी, अण्णांनी, असंच शिकवलं. मला ढकललं, बारक्याला ढकललं. मेलो का आम्ही? विचार तुझ्या नवऱ्याला. बेडकासारखा हसत वर आला होता."

सुरी फळीवर जरा जोरात आदळली. "मी कामात आहे," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. दादा वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. ठिपकी दिवस भरायच्या आत जन्मली, मुठीएवढी, म्हणून तर ती ठिपकी. त्या दिवसांत दवाखान्याच्या काचेबाहेर दादा दुकान बंद ठेवून उभा राहायचा. घासातला घास देणारा माणूस. पण चुकलं म्हणायची वेळ आली की याला विनोद सुचायचा आणि हात कुणाच्या तरी पाठीवर थाप मारायला जायचा.

"तू काहीच बोलणार नाहीस ना भावाला?" तिनं त्या संध्याकाळी नवऱ्याला विचारलं.

तो वह्या तपासत होता. शाळेत गणित शिकवायचा. "बोलून काय होणार?" तो म्हणाला.

"मला बरं वाटेल."

त्यानं एका बेरजेवर बरोबरची खूण केली. बेरीज चुकलेली होती. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली.

आई एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची. दिवसभर लोकांना सांगायचं, इथं उभे राहा, हनुवटी वर, श्वास रोखा, सोडा. त्या आठवड्यात एक बाप आपल्या लहान मुलीला घेऊन आला. खोकला हटत नव्हता, छातीचा फोटो हवा होता. छातीचा फोटो काढताना माणसानं पाटीला छाती टेकून उभं राहायचं असतं. यंत्र पाठीमागे असतं. मुलगी पाटीला टेकायची आणि लगेच मान वळवायची. बापानं तिचे खांदे धरून तिला पुन्हा सरळ केलं.

"सरळ बघ. काही होत नाही म्हटलं ना?"

मुलगी वळली. बापानं फिरवलं. ती पुन्हा वळली. बापानं आता खांदे दाबून धरले.

"ती मागं काय आहे ते बघतेय," आई म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच चढलेला वाटला. "बघू द्या की तिला. तुमच्या मागं एवढं मोठं यंत्र आणून ठेवलं तर तुम्ही बघणार नाही?"

बाप हात काढून मागे सरला. आईनं मुलीला यंत्राभोवती फिरवून आणलं, दिवा लावून दाखवला, खालची चाकं दाखवली. मग म्हणाली, "असं करू. तू पाटीला पाठ टेकून उभी राहा. यंत्र तुझ्या समोर. लहान मुलांचा असाही काढता येतो." मुलगी उभी राहिली. यंत्राकडे रोखून बघत तिनं सांगितल्याबरोबर श्वास धरला आणि सोडला.

फोटो पडद्यावर उमटला. बरगड्या स्पष्ट, कुठं हललेलं नाही. आई पडद्याकडे बघत होती खरी, पण तिला दिसत होती ती न्हाणीघरातली लहान मोरी. ठिपकी पाटावर बसलेली, तोंड नळाकडे. आणि आपण? आपण रोज मागे उभ्या राहतो. सगळेच मागे उभे राहतात. सासूबाईंनी बाहुलीचे केस धुतले तेही तिला मागून धरूनच.

पुढचा माणूस आत येऊन उभा होता. "ताई, शर्ट काढायचा का?" त्यानं दुसऱ्यांदा विचारलं.

घरी आल्यावर तिनं पर्ससुद्धा जागेवर ठेवली नाही. पाट ओढून भिंतीला लावला, ठिपकीला भिंतीला पाठ टेकून बसवलं आणि आपण तिच्या समोर ओल्या फरशीवर मांडी घातली. मग पाण्यानं भरलेला मग तिच्या हातात दिला.

ठिपकीनं आधी भिंतीवरून हात फिरवला. फरशा गार होत्या. मग मान तिरकी करून भिंत आणि आपली पाठ यांच्यात काही फट आहे का ते बघितलं.

"मागे कोणी नाहीये ना?"

"कोणी नाही. भिंत आहे."

"आणि तू इथंच आहेस."

"मी इथंच आहे. तुला दिसतेय ना?"

ठिपकीनं मग कपाळापर्यंत नेला, थांबली, आईच्या डोळ्यांत बघितलं आणि थोडंसं पाणी केसांवर सोडलं. मग आणखी थोडं. तिसऱ्या खेपेला आईनं हात पुढं केला तेव्हा तिनं मग आईच्या हाती दिला. डोळे मात्र एकदाही मिटले नाहीत. शाम्पू झोंबत असणार, तरी नाही.

केस स्वच्छ निघाले, करकर वाजले. सासूबाईंनी ते पुसून घेतले, आणि पुसताना नातीच्या टाळूवर ओठ टेकवले. आईला आनंद व्हायला हवा होता. झालाही, चिमूटभर. पण त्याच्या खालून राग वर आला. पाण्याची भीती असती तर पाण्याशी झगडता आलं असतं. पोरीला पाण्याचं भय नव्हतं. आपल्याच माणसांकडे पाठ करायचं भय बसलं होतं तिला. आईकडेसुद्धा.

नवरा शाळेतून आला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नेहमीच्या खुर्चीत बसला. तिनं त्याला सगळं सांगितलं. दातओठ खात, पण हळू, कारण बाहेर ठिपकी होती. "पाणी नव्हतंच ते," ती म्हणाली. "मागे कुणी उभं राहिलेलं चालत नाही तिला."

"माहितीये," तो म्हणाला.

"माहितीये म्हणजे?"

त्यानं पेला फिरवला.

"मी कुठं बसतो?" त्यानं विचारलं.

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं बघितलं. टेबलाला चार खुर्च्या होत्या. तो भिंतीकडच्या खुर्चीत बसला होता, लग्न झाल्यापासून तिथंच बसत होता. सिनेमाला गेलं की शेवटची रांग. बसमध्ये शेवटची सीट, कितीही दणके बसोत. फोटो काढायचा म्हटला की हा मागे भिंत शोधणार. तिचे वडील त्याला हसून 'आमचा नव्हे, हा तर भिंतीचा जावई' म्हणायचे, आणि तीही हसायची. फळ्यावर लिहितानासुद्धा तो वर्गाकडे पाठ करत नसे. तिरका उभा राहून लिहायचा. पोरांनी त्याचं नाव खेकडा ठेवलं होतं, आणि ते नाव त्यानंच एकदा घरी येऊन कौतुकानं सांगितलं होतं.

"अण्णा पुढं उभे होते," तो म्हणाला. "म्हणाले, ते बघ, पाण्यात केवढा मासा. मी वाकलो. दादानं मागून ढकललं. त्याला अण्णांनीच सांगितलं होतं."

"आणि तू हसत वर आलास."

"हसलो नसतो तर परत ढकललं असतं. दादाला ढकललं होतं तेव्हा तो रडला होता, म्हणून त्याला पुन्हा एकदा ढकललं. ते बघितलं होतं मी."

फ्रिज गुरगुरून बंद झाला.

"त्या दिवशी खुर्चीतून उठला नाहीस ते..."

"पाय नव्हते गं. खाली बघितलं तर होते. पण नव्हते."

तिनं त्याला जवळ घ्यायला हवं होतं, आणि ते तिला कळतही होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. "इतकी वर्षं मूग गिळून बसलास. मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी तिला त्या तलावाच्या आसपास फिरकू दिलं नसतं."

"हो," तो म्हणाला.

त्या एका 'हो'नं तिचा राग कमी झाला नाही, फक्त त्याला बसायला जागा उरली नाही. ती उठली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. समोरून.

त्यानंतर ते शिकाऊ लोकांसाठी असलेल्या सार्वजनिक तलावावर जाऊ लागले. सकाळी तिथं गर्दी नसे. पाणी मोठ्यांच्या कमरेइतकं, उतरायला रुंद पायऱ्या. पहिल्या दिवशी ठिपकी पायरीवर बसून नुसते पाय हलवत राहिली, आणि बाप तिच्या शेजारच्या पायरीवर. त्यानं पोहण्याची चड्डी आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतली होती, आणि ती घालून तो परीक्षेच्या वर्गात शिरणाऱ्या पोरासारखा दिसत होता. काही दिवसांनी दोघं आत उतरले. भिंतीला पाठ लावून, कडेकडेनं सरकत.

"आपण खेकडे," ठिपकी म्हणाली.

"आपण खेकडे," बाप म्हणाला. "मला अनुभव आहे."

आई पाण्यात त्यांच्या समोर उभी राहायची. सासूबाई काठावरच्या बाकावर टॉवेल मांडीवर घेऊन बसायच्या. ठिपकी छातीभर पाण्यात उभी राहू लागली, भिंत सोडून हातभर पुढंही येऊ लागली. चेहरा मात्र भिजू द्यायची नाही. कुणी आग्रह केला नाही.

एका सकाळी दाराशी ओळखीचा खणखणीत आवाज आला. दादा पहारेकऱ्याशी काहीतरी थट्टा करत होता. पहारेकरी हसला. आईनं बाकाकडे बघितलं.

"आई, तुम्ही बोलावलंत यांना?"

"जोडून दिलंय," सासूबाई म्हणाल्या. "पुढचं त्यानं बोलायचं."

ठिपकी सरकत भिंतीला जाऊन चिकटली. तिच्या शेजारी तिचा बापही. दादा काठाकाठानं त्यांच्या डोक्यावरच येऊन उभा राहिला. हातात मोजे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"काय ठिपकीबाई, काकावरचा रुसवा गेला की नाही?"

"काका, तिथं नका उभे राहू," ठिपकी वर न बघता म्हणाली. "समोर या."

दादा हसला, पण गेला. पायऱ्या उतरून पोटरीभर पाण्यात उभा राहिला.

"तिला सांगा, दादा," आई म्हणाली.

"काय सांगू?"

"काय ते तुम्हाला ठाऊक आहे."

दादानं भावाकडे बघितलं, बाकाकडे बघितलं. मग मोजे खिशात कोंबले, दोन्ही कान धरले, जीभ बाहेर काढली. "चुकलं हो राणीसरकार. गरिबाला माफी असावी."

ठिपकी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघत होती, फळ्यावरचं गणित बघावं तशी.

"तुम्ही हसताय," ती म्हणाली.

"मग काय रडू की काय?"

"न हसता सांगा."

दादानं कान सोडले. हसू पुसलं गेलं, आणि त्याच्या खाली दुसरं काही तयार नव्हतं. त्याचा तसा चेहरा आईनं कधी पाहिला नव्हता. मग एकदम तावातावानं म्हणाला, "काय लावलंय तुम्ही हे? एवढीशी ती मस्करी. बारक्या, सांग की हिला. तुला ढकललं तेव्हा कसा हसत वर आला होतास."

"घाबरून हसत होतो, दादा."

"काहीतरीच."

"पुन्हा ढकलशील म्हणून."

"हसत नव्हता तो," सासूबाई बाकावरून म्हणाल्या. सगळ्यांनी तिकडे बघितलं. "दात वाजत होते त्याचे. मी पुसला होता त्याला. तुलाही मीच पुसलं होतं, दोन्ही वेळा."

"मग तेव्हा का नाही बोललीस अण्णांना?"

सासूबाईंनी मांडीवरचा टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. "नाही बोलले," त्या म्हणाल्या.

दादा पायऱ्या चढून वर गेला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. सासूबाईंपासून एक माणूस बसेल एवढी जागा मध्ये सोडून. ओल्या पायांत मोजे चढवायला लागला. ते चढेनात.

ठिपकीच्या आईनं या माणसाला काय काय ऐकवायचं ते भांडी घासताना, बसची वाट बघताना, अंधाऱ्या खोलीत फोटो बघताना शब्दाला शब्द जोडून तयार ठेवलं होतं. आता तो समोर होता आणि त्या भाषणाला कुठं जागाच नव्हती. प्रत्येकानं आपापलं वाक्य बोलून घेतलं होतं. तिचं तेवढं घशात अडकलं होतं, सबंधच्या सबंध, आणि इथं ओरडावं तर शेजारी पोरगी भिंतीला चिकटून उभी.

तिनं छाती भरून श्वास घेतला, गुडघे मोडले आणि डोक्यासकट पाण्याखाली गेली. आणि तिथं ओरडली. जीव खाऊन ओरडली. श्वास संपला तेव्हा वर आली.

ठिपकी डोळे विस्फारून बघत होती. "आई, काय केलंस?"

"ओरडले."

"कुणावर?"

"सगळ्यांवर. एकेकाचं नाव घेऊन."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही."

"पण ऐकू नाही आलं. नुसते बुडबुडे आले."

"खाली असंच असतं. कितीही मोठ्यानं ओरड. बोलायचं तेवढं बोलून घ्यायचं, कुणी मध्ये बोलत नाही."

ठिपकीनं बाकाकडे बघितलं. काका एक मोजा हातात घेऊन बसला होता. तिनं आजीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. एवढ्या दिवसांत ती सॉरी म्हणाली होती, नको म्हणाली होती, भीती वाटते म्हणाली होती. आता ती म्हणाली, "मला पण खूप राग आलाय."

"मग ये," आई म्हणाली.

ठिपकी भिंतीपासून सुटली. आईच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. मागे मोकळं पाणी होतं. तिनं वळून बघितलं नाही. गाल फुगवले, डोळे घट्ट मिटले आणि खाली गेली.

पाणी खळबळलं. बुडबुडे आले, वेडेवाकडे, घाईघाईनं. आईनं दोन्ही हात पाण्यात तयार ठेवले, पण लावले नाहीत. ठिपकी वर आली, केस तोंडावर चिकटलेले, नाकातून पाणी. खोकली, ठसकली.

"परत," ती म्हणाली, आणि कुणी काही म्हणायच्या आत पुन्हा खाली गेली.

तिसऱ्यांदा वर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज बसला होता. तिनं बापाकडे बघितलं. तो अजून भिंतीशीच होता.

"बाबा, आता तू."

त्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं मान हलवली नाही, काही सुचवलं नाही, नुसती उभी राहिली. त्यानं पाठ भिंतीपासून सोडवली. पाण्यात मधोमध चालत गेला, नाक चिमटीत धरलं आणि खाली बसला.

बुडबुडे आले. थांबले असं वाटलं, तर आणखी आले.

बाकावरून दादा उठला. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, तसाच काठाकडे आला.

"अरे, हा वर का येत नाहीये?" त्यानं विचारलं.

"येईल," ठिपकीची आई म्हणाली. "बरंच साठलंय त्याचं."